ताज्या फळांचे वेष्टन

मार्च महिन्यातील एखाद्या संध्याकाळी अंधेरी स्थानकाबाहेर पूर्वेच्या अंगाला क्षणभर उभे राहिले, तर घरी परतणाऱ्या चाकरमान्यांच्या हातांतील पिशव्यांवरून मुंबईच्या आहाराचा थोडाफार अंदाज बांधता येतो. एखादी गृहिणी प्रथम कोथिंबिरीची जुडी घेते. ती ओल्या गोणपाटाखाली झाकलेली असते आणि भाजीवाली तिच्यावर मधूनमधून पाण्याचे हबके मारीत असते. मग ती टोमॅटो निवडते; ते जाड प्लॅस्टिकच्या क्रेटमधून उतरलेले असतात. शेवटी ती अर्ध्या किलो द्राक्षांची पारदर्शक डबी उचलते. हे तीन जिन्नस एकाच कापडी पिशवीत बसून घरी जातात. पण त्यांच्या पोशाखांत केवढे अंतर! कोथिंबिरीचे गोणपाट भाजीवालीपाशीच राहते. टोमॅटोचा क्रेट पुन्हा बाजाराच्या वाटेला लागतो. द्राक्षांची डबी मात्र रात्री जेवणे आटोपल्यावर केराच्या बादलीत पडते. तिचे आयुष्य ते काय? पण ती ज्या पदार्थाची घडविलेली असते, तो पदार्थ घरातील माणसांच्या हयातीत कुजणारा नव्हे.

या डबीचा विचार करणे हे आता एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे, आणि त्या शास्त्राचे एक पीठ याच अंधेरीत, पूर्वेकडील औद्योगिक वसाहतीत आहे. केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाच्या आश्रयाने १९६६ साली स्थापन झालेली भारतीय पॅकेजिंग संस्था ती हीच. येथे पेट्या उंचावरून मुद्दाम पाडल्या जातात, यंत्रावर ठेवून खडखडवल्या जातात, दाबून चेपल्या जातात. ट्रक, आगगाडी आणि जहाज मालाचे जे हाल करतात, ते सारे प्रयोगशाळेतच करून पाहावयाचे, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासात फजिती होत नाही. साबण, औषधे आणि यंत्रांचे सुटे भाग यांच्यापुरते हे पुरेसे आहे. फळभाजीची गोष्ट निराळी. कारण ती जिवंत असते.

जिवंत असते हा येथे अलंकार नव्हे. झाडावरून तोडलेले फळ श्वास घेतच असते. ते हवेतील प्राणवायू आत घेते, आपल्या पोटातील साखर जाळते आणि कर्बवायू, पाण्याची वाफ व उष्णता बाहेर टाकते. उष्णतामान दहा अंशांनी वाढले की हा श्वासोच्छ्वास दुपटीने, तिपटीने वाढतो. म्हणजे शिधा तितक्याच वेगाने संपतो. शिवाय आंबा, केळे, चिकू, पेरू, टोमॅटो यांसारखी फळे पिकताना एथिलीन नावाचा वायू सोडतात आणि तोच वायू शेजारच्या फळांनाही पिकवितो. कोकणात पेंढ्यात आंब्याची आढी घालणारी आजीबाई हे रसायनशास्त्र शिकलेली नव्हती; पण पिकलेला एक आंबा आढीत राहिला तर बाकीचे लवकर पिकतात, हे तिला पक्के ठाऊक होते. द्राक्ष, संत्रे आणि डाळिंब यांचे असे नाही. ती तोडल्यावर पिकत नाहीत, फक्त उतरत जातात. पालेभाजीचा शत्रू याहूनही साधा आहे, तो म्हणजे कोरडी हवा. वजनाचा शेकडा पाचसहा भाग पाणी गेले की मेथी मान टाकते आणि गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे वळते.

वेष्टनाकडून काय हवे, हे एवढ्यावरून उघड होते. पाणी आत राहावे, पण घाम सुटून थेंब साचू नयेत. प्राणवायू कमी मिळावा, पण अगदी बंद होऊ नये. धक्का लागू नये. आणि आतील माल दिसावा. आपल्याकडील जुन्या वेष्टनांनी यांतील बरेचसे साधलेले होते. विड्याची पाने ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळीत. वसईकडील सुकेळी केळीच्याच वाळलेल्या पानांत बांधून येत. अशा पुडीला हवा लागे, आणि ती फेकून दिल्यास गाय तरी खाई किंवा माती तरी. मात्र ही बांधणी एका दिवसाच्या वाटेसाठी होती. नाशिकचे द्राक्ष हल्ली समुद्रमार्गाने हॉलंडातील रॉटरडॅम बंदरी जाते; त्याला तीन आठवडे किंवा अधिकही लागतात, आणि २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील वाहतूक धोक्यात आल्यावर कित्येक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. त्या प्रवासाला केळीचे पान पुरणारे नाही.

येथे प्लॅस्टिक पुढे आले. १९३३ साली इंग्लंडात इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग फसला आणि भांड्यात मेणासारखा पांढरा थर उरला; तेच पॉलिएथिलीन. आपल्या दुधाच्या आणि भाजीच्या पिशव्यांचे मूळ ते. १९४१ साली इंग्लंडातच व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी कापडाच्या धाग्यासाठी निराळा पदार्थ शोधला. त्याचा धागा टेरिलीन म्हणून प्रसिद्ध झाला. पाण्याची बाटली आणि द्राक्षाची डबी ज्या ‘पेट’ची करतात, तो पदार्थ हाच. टेरिलीनचा सदरा आणि द्राक्षाची डबी ही नात्याने सख्खी भावंडे आहेत, हे कित्येकांना ठाऊक नसेल.

पॉलिएथिलीनचा एक गुण फळाच्या फार उपयोगाचा आहे. त्याच्या पातळ पापुद्र्यातून पाण्याची वाफ सहसा बाहेर जात नाही, पण वायू थोडेथोडे जातात, आणि कर्बवायू तर प्राणवायूच्या कित्येक पट वेगाने जातो. त्यामुळे फळाच्या श्वासानेच पिशवीच्या आत अशी हवा तयार होते की जीत प्राणवायू कमी आणि कर्बवायू अधिक असतो. अशा हवेत फळ मंद श्वास घेते, जणू वामकुक्षी घेते. मात्र पापुद्रा जाड झाला, किंवा पिशवी उन्हात राहिली, तर प्राणवायू अजिबात संपतो आणि फळ आंबून त्याला दारूसारखा वास येतो. म्हणून पिशवीला बारीक छिद्रे पाडतात. ती किती असावीत आणि केवढी, हे फळाफळांवर आणि उष्णतामानावर अवलंबून असते. भेंडीला ठरविलेली पिशवी अळंब्यांना चालेलच असे नाही. घरोघरी भाजी गच्च बांधलेल्या पिशवीत ठेवून दोन दिवसांनी ती सडली म्हणून भाजीवाल्यास दोष देतात. अपराध पुष्कळ वेळा गाठीचा असतो.

द्राक्षाची पेटी पाहिली म्हणजे वेष्टनाचा विचार किती खोल जातो ते कळते. बाहेर पुठ्ठ्याची पेटी; आत छिद्रांचे पॉलिएथिलीनचे अस्तर; त्यात द्राक्षांनी भरलेल्या डब्या; आणि वर एक पातळ चादर, जिच्यात गंधकाचा क्षार भरलेला असतो. ओलावा लागला की त्या क्षारातून गंधकाचा धूर हळूहळू सुटतो आणि राखी बुरशीला आवर घालतो. हे सारे शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवावे लागते. त्या थंडीत खंड पडला तर कोणतीही डबी द्राक्ष वाचवू शकत नाही. शेतकऱ्याने वर्षभर छाटणी, विरळणी आणि फवारणी करून, दुष्काळात टँकरने पाणी घालून आणलेला घड बंदरात नाकारला गेला, तर त्याच्याबरोबर ते सारे पाणी आणि कष्टही वाया जातात. फळावरील प्लॅस्टिक सरसकट पाप मानणाऱ्यांनी हा हिशेब नजरेआड करू नये.

दुसरा हिशेबही तितकाच खरा आहे. २६ जुलै २००५ रोजी अंधेरीपासून जवळच असलेल्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि मिठी नदीने आपले काठ सोडले. तो पूर केवळ पिशव्यांमुळे आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. नदीचे पात्र कोणी अरुंद केले, हाही प्रश्न तेथे होताच. परंतु नाले तुंबविण्यात प्लॅस्टिकचा हात होता हे कोणी नाकारले नाही, आणि अंधेरीचा भुयारी रस्ता आजही दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. पुढे महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटेवाट्या यांवर बंदी घातली. केंद्राच्या नियमांनी पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

प्लॅस्टिक कमी व्हावे म्हणून पिशवी जाड करा, हा न्याय प्रथमदर्शनी उफराटा वाटतो. त्यासाठी थोडे अंकगणित करावे लागते. तीस सेंटिमीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर लांब अशी पिशवी घेतली, तर तिच्या दोन्ही बाजू मिळून २,४०० चौरस सेंटिमीटर पापुद्रा होतो. तो २० मायक्रॉन जाड असेल तर त्याचे घनफळ ४.८ घन सेंटिमीटर भरते, आणि पॉलिएथिलीन पाण्याहून किंचित हलके असल्यामुळे वजन सुमारे साडेचार ग्रॅम येते. तीच पिशवी १२० मायक्रॉनची केली तर वजन साडेसव्वीस ग्रॅम. म्हणजे एका पातळ पिशवीपेक्षा जाड पिशवीस सहापट माल लागला. ही उघड उधळपट्टी झाली. आता कचरा वेचणाऱ्या बाईच्या बाजूने पाहावे. तिला भंगारवाला किलोवर पैसे देतो. पातळ पिशव्यांचा किलो भरावयास तिला सव्वादोनशेहून अधिक वेळा वाकावे लागते, जाड पिशव्यांचा किलो अडतीस वेळा वाकून भरतो. शिवाय पातळ पिशवी ओल्या कचऱ्यात माखलेली, चुरगळलेली. तिला धुण्याची मजुरीच तिच्या किमतीहून अधिक. म्हणून ती जागीच राहते, वाऱ्याने उडते आणि नाल्यात जाते. जाडीचा नियम झाला तो त्या बाईच्या कमरेचा हिशेब धरून झाला, असे म्हटले तरी चालेल.

वेष्टन आखणाऱ्याची खरी अडचण येथेच आहे. प्लॅस्टिक वाचवावे तर ते इतके हलके होते की कोणी उचलीत नाही, आणि उचलण्याजोगे करावे तर प्लॅस्टिक अधिक लागते. यातून मार्ग काढताना जाणते लोक प्रथम जाडी सोडून आकाराकडे वळतात. पन्हाळी पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ राहतो, त्याच युक्तीने डबीच्या भिंतींना वळ्या पाडल्या म्हणजे कमी जाडीची डबीही चेपत नाही. वरच्या पेट्यांचा भार डबीवर न टाकता बाहेरील पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांवर घ्यावा, म्हणजे डबीला केवळ आपल्या अर्ध्या किलोचा भार राहतो. बिजागरीच्या झाकणाऐवजी तोंडावर पातळ पापुद्रा चिकटविला तर झाकणाचे बरेचसे प्लॅस्टिक वाचते. मात्र तो पापुद्रा कशाचा, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

कारण डबीची परतीची वाट धारावीवरून जाते. तेथील तेरा कंपाउंड नावाच्या भागात शहराचे भंगार वर्षानुवर्षे येत आले आहे. प्लॅस्टिकची जात ओळखणे हे तेथील कसबी माणसाचे काम. तो तुकडा वाकवून पाहतो, त्याचा आवाज ऐकतो, अडलेच तर काडी लावून धुराचा वास घेतो. १९८८ साली अमेरिकेत प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात आकडे छापण्याची पद्धत सुरू झाली: १ म्हणजे पेट, २ आणि ४ म्हणजे पॉलिएथिलीनचे दोन प्रकार, ३ म्हणजे पीव्हीसी, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि ७ म्हणजे उरलेले सर्व. सातावा आकडा म्हणजे शाळेच्या हजेरीपटातील ‘इतर’ हा रकाना. त्यात काय काय येते ते न विचारलेले बरे.

जातवार वेगळे केलेले प्लॅस्टिक चिरडून धुतात आणि पाण्याच्या हौदात टाकतात. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन पाण्याहून हलके म्हणून तरंगतात. पेटची घनता १.३८, म्हणून ते बुडते. निसर्गानेच करून ठेवलेली ही चाळणी आहे, आणि वेष्टन आखणाऱ्याने तिचा मान राखला पाहिजे. पेटच्या डबीवर पॉलिप्रोपिलीनचे लेबल असेल, आणि त्याचा डिंक गरम पाण्यात सुटणारा असेल, तर डबी खाली आणि लेबल वर, असा निवाडा आपोआप होतो. लेबल कागदाचे असेल तर त्याचा लगदा होऊन पाण्यात पसरतो आणि मालाला चिकटतो. ते पीव्हीसीचे असेल तर तेही डबीबरोबर बुडते, आणि पुढे पेट वितळण्याच्या उष्णतेत जळून त्यातून आम्ल सुटते. थोड्याशा पीव्हीसीनेही सगळा घाण पिवळा पडतो. दोन बोटे रुंदीच्या चिटोऱ्याने एवढ्या मालाची माती व्हावी, हे नवल खरे! रंगाचेही तसेच. स्वच्छ डबीपासून पुन्हा काहीही घडविता येते. काळ्या डबीपासून काळेच होते, आणि परदेशातील अवरक्त किरणांनी निवड करणाऱ्या यंत्रांना काजळी घातलेले काळे प्लॅस्टिक तर दिसतच नाही.

एकाच जातीचे प्लॅस्टिक वापरावे, हा या विद्येतील पहिला नियम त्यामुळेच झाला आहे. डबी पेटची तर तोंडावरचा पापुद्राही पेटचाच. पिशवी पॉलिएथिलीनची तर तिची गाठपट्टी आणि छपाईचा थरही त्याच कुळातला. पापुद्र्यावर पापुद्रा चढवून, एक हवेसाठी, एक चिकटण्यासाठी, एक चकाकीसाठी अशी बांधणी केली की ती माल उत्तम राखते. पण ते थर पुन्हा सुटे करणे धारावीलाच काय, कोणालाही परवडत नाही. मक्यापासून केलेले पीएलए नावाचे कुजणारे प्लॅस्टिक पुष्कळांना आकर्षक वाटते. ते दिसावयास हुबेहूब पेटसारखे असते आणि पाण्यात पेटसारखेच बुडते; ते पेटच्या ढिगात शिरले की पुढच्या मालात डाग उमटतात. ते नीट कुजावयास उष्ण खतकोठा लागतो; घराच्या परसात ते डबीच्या डबी राहते. सद्हेतूने केलेली वस्तू अस्थानी पडली की काय होते, त्याचा हा नमुना. थर्माकोलच्या तबकाची तक्रार निराळी आहे. त्यात शेकडा नव्वदाहून अधिक हवाच असते, आणि हवा वाहून नेण्याचे भाडे कोणताही भंगारवाला देत नाही.

जुन्या प्लॅस्टिकचा दाणा पुन्हा अन्नाच्या वेष्टनात घ्यावा की नाही, याविषयी आपल्याकडे दीर्घकाळ मनाई होती, आणि ती अकारण नव्हती. त्या दाण्यात पूर्वी काय भरले होते हे कोण सांगणार? २०२२ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेट धुऊन शुद्ध करण्याच्या रीती ठरवून देऊन अन्नासाठी त्याचा मार्ग खुला केला. कडक वेष्टनात जुन्या दाण्याचा भाग २०२५-२६ मध्ये शेकडा तीस आणि २०२८-२९ पर्यंत शेकडा साठ असावा, असे केंद्राच्या नियमांत सांगितले आहे. तेव्हा अंधेरीच्या बादलीत पडलेली डबी ओल्या भाताखाली सापडते की कोरडी वेगळी मिळते, याला आता बाजारभाव आला आहे. वाटेत आणखी एक अडचण आहे. बाटलीचे पेट चिवट, डबीचे त्या मानाने ठिसूळ. चिरडताना तिचा चुरा अधिक होतो, म्हणून बाटल्या घेणारा डब्या घेईलच असे नाही.

या सर्वांत टोमॅटोच्या क्रेटकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण त्याच्याविषयी तक्रारच नाही. १९९६ साली फळांचा घाऊक बाजार क्रॉफर्ड मार्केटहून वाशीस गेला. त्यानंतरच्या काळात लाकडी पेट्या आणि करंड्यांची जागा बऱ्याच अंशी या जाड क्रेटांनी घेतली. क्रेट धुता येतो, रचता येतो, पुन्हा भरता येतो. त्याच्या भिंतींना झरोके असतात म्हणून आतील माल श्वास घेतो. आणि अनेक वर्षांनी फुटला तरी जाड, एकजात व स्वच्छ असल्यामुळे भंगारात त्याला चांगला भाव येतो. जड वस्तू अनेक वेळा वापरली तर ती हलक्या वस्तूहून काटकसरीची ठरते. त्यासाठी ती रिकामी परत आणणारा मात्र कोणीतरी हवा, आणि घाऊक बाजारात तो असतो.

कोणत्या फळाला वेष्टन अजिबात नको, हाही विचार आता होऊ लागला आहे. ब्रिटनमधील रॅप या संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सफरचंद, केळी, बटाटे, काकडी आणि ब्रॉकोली हे जिन्नस घेतले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीने यांचे आयुष्य फारसे वाढत नाही. ते सुटे विकले तर लोक हवे तेवढेच घेतात आणि नासाडी घटते. खरा उपयोग थंड जागेचा होतो, असे त्यात आढळले. आपल्या भाजीवाल्याला हे नवीन नाही. तो पावशेर दुधीदेखील कापून देतो. युरोपीय संघाने २०२५ मध्ये अमलात आणलेल्या नियमांप्रमाणे १ जानेवारी २०३० पासून दीड किलोहून कमी वजनाच्या ताज्या फळभाज्यांना एकदाच वापरावयाचे प्लॅस्टिक वेष्टन चालणार नाही. मात्र ज्या मालाचे पाणी आटते, ज्याला धक्का सोसत नाही किंवा बुरशी लागते, त्याला सूट देण्याची मुभा त्या त्या राष्ट्रास आहे. केळ्याला आणि बटाट्याला ही सूट मिळण्याचे कारण नाही. द्राक्षाचे देठ आधी वाळतात, मणी गळतात आणि बुरशी धरते. तेव्हा त्याची बाजू बळकट आहे. तरीही अर्ध्या किलोच्या प्लॅस्टिकच्या डबीऐवजी पुठ्ठ्याचा तळ आणि वर पातळ पापुद्रा अशी बांधणी युरोपच्या दुकानांत दिसू लागली आहे. तो पुठ्ठा शीतगृहाच्या दमट हवेत तीन आठवडे ताठ राहतो की नाही, आणि वरचा पापुद्रा सोलल्यावर पुठ्ठा एका हौदात आणि प्लॅस्टिक दुसऱ्या हौदात निमूटपणे जाते की नाही, एवढे दोन प्रश्न नाशिकच्या बागाईतदाराला २०३० च्या आत सोडवून घ्यावयाचे आहेत.